लेव्हल आणि थर

शंकेखोर : संगणकावरच्या जुन्या आरपीजी (रोल-प्लेइंग) खेळांना तू शाळा म्हणतोस, तिथे माझं अडतं. माणसं कशी जोडावीत आणि कशी वाढवावीत हे त्या खेळांतून कळतं, असा तुझा दावा. मी दिव्यात गोविंदा पथकाचा सराव घेतो. गुरुपौर्णिमेला नारळ फुटतो आणि गोपाळकाल्यापर्यंत आमच्या रात्री मैदानात जातात. कुणी ठाण्याहून कामावरून येतो, कुणी पनवेलच्या गाडीने उतरतो, कुणी वसईच्या. एखाद्याची लोकल मुंब्र्याच्या अलीकडे अडकते. पायातले गडी आल्याशिवाय वरचा थर चढवता येत नाही, म्हणून सगळे थांबतात. तुझ्या खेळात सहा जण एका पडद्यावर निवडायचे, फायटर, क्लेरिक, मेज, थीफ अशी कामं वाटायची, ताकद अठरा, बुद्धी नऊ असे आकडे लावायचे आणि निघायचं. त्यांतल्या कुणाची आई आजारी नसते, कुणाला रात्रपाळी नसते. सहा जणांना एकच हात हलवत असेल तर त्याला गट कसं म्हणायचं? आणि वाढ? शत्रू मारला की गुण, गुण साठले की लेव्हल. माणूस असा बेरजेने वाढताना मी तरी पाहिलेला नाही.

खेळप्रेमी : दादा, एकाच हाताचा तुमचा मुद्दा खरा आहे, आणि तो या खेळांच्या जन्मापासूनचा आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली आला तेव्हा तो टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ होता. प्रत्येक पात्रामागे एक जिवंत मित्र असायचा आणि तो रुसायचाही. संगणकाने ते मित्र काढून घेतले. अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांच्या ‘विझर्ड्री’त, १९८१ मध्ये, सहाही पात्रं एकाच खेळाडूकडे आली. पण त्या एकट्या खेळाडूच्या हाती काय आलं ते बघा. पुढच्या रांगेत तीन, मागच्या रांगेत तीन. हातघाईची लढाई पुढच्या तिघांनीच करायची. मागे उभ्या असलेल्या मेजचं अंग इतकं नाजूक की एका फटक्यात संपेल, आणि सुरुवातीला त्याच्याकडे मंत्र मोजकेच. प्रीस्ट, म्हणजे तुमचा क्लेरिक, नसेल तर जखमा भरणार कोण, थीफ नसेल तर पेटीतला सापळा काढणार कोण? कुणीही एकटा पुरा पडणार नाही, या पायावर सगळा खेळ उभा आहे. चांगली पात्रं निवडणं म्हणजे कुणाची उणीव कुणाने झाकायची हे ठरवणं. पायात रुंद खांद्याचा आणि वर हलका गडी घेताना तुम्हीही हेच ठरवता.

शंकेखोर : उणीव झाकण्याचं मला पटतं. पण माझ्या गड्याला आपण पडलो तर काय होईल हे माहीत असतं. तो भीती गिळून खांद्यावर पाय देतो, आणि खालच्याला ती भीती पायाच्या थरथरण्यातून कळते. तुझ्या खेळात पडलं तर आधी सेव्ह केलेल्या जागेवर परत जायचं. मरणाला किंमत नसेल तर शौर्याला कुठून येणार, आणि शौर्य नसेल तर विश्वासाची गरज काय?

खेळप्रेमी : पुढच्या काळातल्या बऱ्याच खेळांना हा आक्षेप लागू पडतो. ‘विझर्ड्री’ने मात्र तो रस्ता बंद करायचा प्रयत्न केला होता. अंधाऱ्या भुयारात सगळी पार्टी, म्हणजे सहाही पात्रं, मेली की ते लगेच डिस्कवर नोंदलं जायचं. प्रेतं तिथेच राहायची. ती आणायची तर दुसरी पार्टी तयार करून त्याच भुयारात उतरवायची. प्रेत शहरात आणलं की देवळात पैसे भरून जिवंत करून घ्यायचं. ते फसलं तर माणसाची राख व्हायची, आणि राखेवरचा प्रयत्नही फसला तर तो कायमचा गेला. लोक डिस्कची नक्कल करून पळवाट काढायचे, हे मी नाकारत नाही. पण पळवाट काढावीशी वाटली, यातच आठवड्यांच्या मेहनतीने वाढवलेलं पात्र गमावण्याचं भय दिसतं. आकड्यांनी बनलेल्या माणसासाठी जीव खाली-वर होत असेल, तर ते आकडे निव्वळ आकडे उरलेले नाहीत.

शंकेखोर : जीव खाली-वर झाला तो तुझा. त्या पात्राचा नाही. मला इथेच बोट ठेवायचंय. माझ्या पथकातल्या प्रत्येकाचं येण्याचं कारण निराळं. एकाला लहानपणी कोकणातल्या वाडीत पाहिलेली, बक्षिसाशिवायची हंडी पुन्हा जगायची असते. एकाला गल्लीत नाव हवं असतं. एकजण फक्त भावासाठी येतो, आणि भाऊ सोडून गेला की तोही जातो. मी त्यांना थरात उभं करतो, पण त्यांची मर्जी माझ्या हातात नसते. ज्याला सोडून जाता येत नाही त्याच्या सोबत राहण्याला अर्थ नाही.

खेळप्रेमी : मग ‘बाल्डर्स गेट’बद्दल बोलायला हवं. बायोवेअर कंपनीचा हा खेळ १९९८ च्या डिसेंबरात आला. इथे तुम्ही स्वतःचं एक पात्र बनवता. बाकीचे पाच वाटेत भेटतात, आणि ते स्वतःचं आयुष्य घेऊन येतात. खालिद आणि जाहीरा नवरा-बायको आहेत. एकाला काढलंत की दुसरंही जातं, तुमचा तो भाऊ जातो तसं. मिन्स्कला त्याच्या डायनाहेरला सोडवायचंय. तुम्ही रेंगाळलात तर तो गप्प बसत नाही. एडविनला त्याच डायनाहेरचा जीव हवाय. तुमची कीर्ती फार चांगली झाली की दुष्ट साथीदार निघून जातात, फार खराब झाली की सज्जन जातात. २००० साली आलेल्या दुसऱ्या भागात केल्डॉर्न आणि विकोनिया एकाच पार्टीत राहिले तर प्रकरण एकमेकांच्या जिवापर्यंत जाऊ शकतं. मला उत्तम फायटर हवा असतो, पण तो आला की उत्तम क्लेरिक जाणार असते. सहा सर्वोत्तम माणसं आणि एकत्र टिकणारी सहा माणसं यांत फरक असतो, हे मी या खेळात शिकलो. शिवाय मिळालेला अनुभव पार्टीत समान वाटला जातो. चौघंच घेऊन गेलात तर प्रत्येकाची वाढ झपाट्याने होते, सहा घेतलेत तर सावकाश. जास्त माणसं सांभाळण्याची किंमत त्या हिशेबात उघड मांडलेली आहे.

शंकेखोर : रुसण्याच्या अटीही आधीच लिहून ठेवलेल्या. कितव्या कीर्तीला कोण जाणार हे कळलं की खेळाडू त्या आकड्याच्या एक पायरी अलीकडे थांबतो. त्याला मी सांभाळणं म्हणणार नाही. पण हेही तुला सोडतो, कारण माझा मोठा आक्षेप पुढे आहे. तुझ्या खेळात वाढ म्हणजे वर जाणं. पहिली लेव्हल, मग पाचवी, मग दहावी. आमच्याकडे गडी वाढतो तसा खाली येतो. चौदा-पंधराचा हलका, न घाबरणारा पोरगा सगळ्यात वर चढतो. टाळ्या त्याला, फोटो त्याचा. दोन वर्षांत त्याची उंची वाढते, वजन वाढतं, मग तो एक थर खाली येतो. विशीत मधल्या थरात, तिशीत पायात. तिथे त्याला हंडी दिसतही नाही. मान खाली, हात शेजाऱ्याच्या खांद्यात गुंतलेले, आणि वरचं सगळं वजन पाठीवर. वर काय चाललंय ते त्याला फक्त भाराने कळतं. जो एकेकाळी वर चढला होता त्यालाच वरच्याच्या पायाची थरथर नेमकी ओळखता येते. आमच्यात मान त्याला आहे. पोराला हे पटायला वर्षं जातात, काहींना कधीच पटत नाही. तुझ्या कोणत्या खेळात माणूस मोठा होऊन खाली येतो?

खेळप्रेमी : नेमकं असं कुठेच नाही, हे मान्य. पण जवळ जाणारं आहे. ‘विझर्ड्री’त मुरलेल्या पात्राने काम बदललं, मेजचा प्रीस्ट झाला, तर तो पुन्हा पहिल्या लेव्हलला येतो. त्याचे गुण घसरतात आणि वयही वाढतं. लेव्हल चढतानाही एखादा गुण कमी होऊ शकतो, म्हातारपणी तर जास्तच. ‘बाल्डर्स गेट’मध्ये मानवी पात्राला एक काम सोडून दुसरं धरता येतं. मग नव्या कामाची लेव्हल जुन्याच्या पुढे जाईपर्यंत जुनं कौशल्य वापरता येत नाही. कालचा पट्टीचा लढवय्या आज नवशिका मेज म्हणून मागे उभा राहतो, आणि त्या दिवसांत बाकीचे त्याला सांभाळून नेतात. रिचर्ड गॅरियटच्या ‘अल्टिमा ४’ मध्ये, १९८५ साली, तर ताकदीची शर्यतच मागे पडली. आठ सद्गुण अंगी बाणवायचे, आणि त्यांचा हिशेब पडद्यावर दिसत नाही. आंधळ्या दुकानदाराला कमी पैसे दिलेत तर खेळ त्या क्षणी काही बोलत नाही, पण प्रामाणिकपणाच्या खात्यात नोंद होते. १९९९ च्या ‘प्लेनस्केप : टॉर्मेंट’मध्ये पुष्कळसा अनुभव बोलण्यातून मिळतो. तिथे डॅककॉन नावाचा साथीदार आपल्या धर्मग्रंथाचा अर्थ नायकाला शिकवतो, आणि पुढे नायकच त्याच्यापेक्षा खोल अर्थापर्यंत पोचतो. गुरूचा शिष्य होतो, आणि त्यात दोघंही वाढतात.

आता मला तुम्हाला विचारू द्या. आकड्यांबद्दल तुम्ही मला बोलता, पण थरांचं काय? ठाण्यात किती थर लागले यावर बक्षीस ठरतं. १० ऑगस्ट २०१२ रोजी जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर लावले, १३.३४ मीटर उंचीची नोंद गिनेस बुकात गेली, आणि स्पेनच्या नावावर १९८१ पासून असलेला विक्रम मोडला. तेव्हापासून नऊ हा आकडा प्रत्येक पोराच्या डोक्यात बसला. ती लेव्हलच झाली की.

शंकेखोर : झाली. मी ते नाकारणार नाही, कारण त्याची किंमत आम्ही पाहिली आहे. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने थरांची उंची वीस फुटांवर आणली आणि अठराच्या आतल्या मुलांना बंदी घातली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंधनं सैल करायला नकार दिला. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उंचीचा प्रश्न सरकारवर सोडला, आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना चढवणार नाही हे सरकारचं म्हणणं नोंदवून घेतलं. त्या वर्षांत आम्ही चिडलो होतो. आमच्या सणात कोर्ट कशाला, असं म्हणत होतो. आज मला वाटतं, वरच्या पोराचं वय किती हा प्रश्न आम्ही आपसात आधीच विचारायला हवा होता. २०२२ साली सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला, मृत्यू झाल्यास दहा लाखांची मदत जाहीर केली, २०२३ पासून प्रो गोविंदा स्पर्धा सुरू झाली. शिस्त वाढली, हेल्मेट आलं, वरच्याला दोरी आली. पण आकडाही आणखी घट्ट बसला.

आकडा वाईट नाही. तो कशाचा मोजतोस ते महत्त्वाचं. कातालोनियात असेच माणसांचे मनोरे रचतात, युनेस्कोने २०१० मध्ये त्यांना सांस्कृतिक वारशाचा मान दिला. तिथे मनोरा नुसता पूर्ण झाला आणि मनोरा पूर्ण होऊन सुखरूप उतरवला, या दोन वेगळ्या गोष्टी धरतात, आणि उतरवण्याला जास्त गुण देतात. आमच्याकडे सलामी झाली की टाळ्या संपतात. मी सरावात पोरांना सांगतो, उतरताना घाई करू नका, कारण माणसं बहुतेक वेळा तिथेच गाफील होतात. तुझे खेळ मला याच बाबतीत अपुरे वाटतात. ते चढण मोजतात. शेवटचा शत्रू मेला, खेळ संपला. त्यानंतर ती सहा माणसं एकमेकांपासून सुखरूप दूर कशी झाली, हे विचारत नाहीत.

खेळप्रेमी : काही विचारतात. १९८८ चा ‘पूल ऑफ रेडियन्स’ संपला तरी त्यातली माणसं पुढच्या वर्षीच्या ‘कर्स ऑफ द अझ्युअर बाँड्स’मध्ये नेता यायची. म्हणजे शेवट हा शेवट नव्हता, पात्रांना पुढचं आयुष्य होतं. पण तुमचा मुद्दा उरतोच, आणि त्यातून मला या खेळांतली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट आठवते. ‘बाल्डर्स गेट’मध्ये भेटणारे साथीदार वीसहून जास्त, जागा पाच. उरलेल्यांना मी निरोप देतो. जो सोबत नाही त्याला पुढच्या लढायांचा अनुभव मिळत नाही. मी आठव्या लेव्हलला पोचतो, तो तिसऱ्यावरच असतो. मग कधी त्याची आठवण आली तरी त्याला घ्यावंसं वाटत नाही, कारण तो आता कमी पडतो. तो कमी का पडतो? मी घेतलं नाही म्हणून. मी घेत का नाही? तो कमी पडतो म्हणून. हे चक्र खेळाने मला उघडं करून दाखवलं. १९९७ च्या ‘फॉलआउट’मध्ये तर साथीदारांना लेव्हलच नाही. नायक वाढत जातो, ते होते तसेच राहतात, आणि शेवटी त्यांना वाचवत फिरणं किंवा मरू देणं एवढंच उरतं. हा खेळाचा दोष म्हणा, पण असे संघ, अशी कार्यालयं, अशी घरं मी पाहिली आहेत. आता तुमच्या पथकाचं सांगा. सोळा वर्षांचा, अंगाने वाढलेला पण खांद्यात अजून ताकद नसलेला पोरगा. वर चालत नाही, पायात टिकत नाही. तो कुठे असतो?

शंकेखोर : बाहेरच्या घेऱ्यात. थराभोवती हात वर करून उभा राहतो, पडणाऱ्याला झेलायला. पाणी आणतो, टी-शर्ट वाटतो. काही दोन वर्षं तसे काढतात आणि खांदे भरले की पायात येतात. काही येणं बंद करतात. मी प्रत्येकाला विचारायला गेलेलो नाही. वर जितकं जाशील तितक्या जागा कमी, हा मनोऱ्याचाच नियम आहे, आणि नऊ थरांच्या पथकात चूक करायला वाव असलेली जागा एकही उरत नाही. पण एक फरक मी सोडणार नाही. तो पोरगा मला सकाळी दिव्याच्या फलाटावर भेटतो. त्याच्या वडिलांशी माझं बोलणं आहे. त्याला टाळून मला डब्यात चढता येत नाही. तू ज्याला निरोप दिलास तो तुला फलाटावर भेटत नाही.

खेळप्रेमी : भेटतो हे मोलाचं आहे. पण भेटूनही तुम्ही विचारलं नाही, हे तुम्हीच आत्ता सांगितलंत. ओळख असली की जबाबदारी आपोआप पाळली जाते असं नाही. उलट ओळखीमुळे आपल्याला वाटतं की आपण त्याला सोडलेलं नाही. खेळात चेहरा नाही, पण वही आहे. कुणाला किती संधी दिली, कोण कुठे थांबला, हे नोंदीत दिसतं, आणि ती निवड माझी होती हे मला नाकारता येत नाही. तुमच्याकडे चेहरे आहेत आणि वही नाही. एखादा पोरगा तीन वर्षांत किती वेळा थरात उभा राहिला, हे तुमच्या पथकात कुणी लिहून ठेवतं का?

शंकेखोर : बक्षिसाचे पैसे लिहितो. हे लिहीत नाही. लिहायला हवं, इतपत तुझं घेतो. पण वही आली की ती वाचणाराही येतो, आणि तो कुणाला किती मिळालं हे पाहायचं सोडून कुणाकडून किती निघालं हे पाहायला लागतो. तुझ्या खेळातले लोक आधीच गणित करून ठेवतात ना, कोणते सहा घेतले की सगळ्यात लवकर जिंकता येईल? वही त्यांच्याही हातात होती. म्हणून मी शेवटी रचनेपाशी येतो. माझ्या पथकात आठ थर सगळ्यांना सामावून लागतात, घेऱ्यातले पोरगेही आलटून पालटून मधे येतात. नऊ लावायचे तर ठरलेलेच गडी ठरलेल्याच जागी, महिनोन्‌महिने, आणि उरलेल्यांनी कायम बाहेर. पथक वाढलं असं कशाला म्हणू? मी आठ म्हणतो.

खेळप्रेमी : आणि मी नऊ म्हणेन असं तुम्हाला वाटतं. मी तेवढं सरळ म्हणणार नाही. पण आठावर थांबलात तर तुमचा सगळ्यात तरबेज गडी पुढच्या वर्षी नऊवाल्या पथकात जाईल, जसा एखादा साथीदार त्याचं काम अर्धवट ठेवणाऱ्या पार्टीतून निघून जातो. त्याचीही वाढ आहे, त्यालाही आपल्या ताकदीची हद्द बघायची आहे. सगळ्यांना जागा देणारी रचना त्याला जागा देत नाही. नवव्या थराला पायातल्या माणसाला जे कळतं, ते आठव्याला कळत नसेलही. मला खेळांनी एवढं शिकवलं की प्रत्येक रचना कुणाला तरी वाढवते आणि कुणाला तरी थांबवते, आणि दोन्हींचा हिशेब निवडणाऱ्याच्या नावावर लागतो. त्या हिशेबातून सुटका नाही.

शंकेखोर : सुटका मीही मागत नाही. जो थांबला त्याला, तू आमच्यासाठी थांबलास, हे तोंडावर सांगता आलं पाहिजे, आणि जो निघाला त्याला अडवता कामा नये. या दोन्ही गोष्टी एकाच पथकात एकाच वर्षी करायच्या, तर किती थर लावायचे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पुढच्या गुरुपौर्णिमेच्या आत ते मला ठरवावंच लागेल, आणि या वेळी घेऱ्यातल्या पोरांना विचारून.